दुसरी किल्ली

रबाळ्याला आमच्या मेकॅनिक दादांच्या शेडमध्ये पान्यांपेक्षा किल्ल्या जास्त असायच्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची दुसरी किल्ली त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली. आम्ही बायका किल्ली कुठेतरी विसरायचो आणि त्यांना फोन करायचो. ते आधी ओरडायचे, मग किल्ली घेऊन यायचे.

परवा माझ्या सेकंडहँड स्कूटरचं लॉक पार झिजलं. चालत्या गाडीतून किल्ली गळून पडायला लागली. दादांनी नवं लॉक बसवलं. नेहमीप्रमाणे बोल्टला शिव्या, मला सल्ले. दोन नव्या किल्ल्या हातात आल्यावर मी सवयीनं एक पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"दोनी तुमच्याजवलच ठेवा, बाय. शेड तुटनार हाय, हितं बिल्डिंग येतेय."

भिंतीवरचे बरेच खिळे रिकामे झाले होते. ते एकेकाला बोलावून किल्ल्या परत देत होते.

"मग घरी ठेवा."

"घर पन त्याच बिल्डिंगीत मिलनार, सातव्या माल्यावर. किल्लीसाठी वर येनार काय तुमी?"

"नाही येणार. खालून हाक मारीन. तुम्ही गॅलरीतून टाका."

त्यांनी फडक्याला हात पुसून माझ्या हातातली किल्ली घेतली.

"डोक्यात पडली तर मला बोलायचं नाय," म्हणाले आणि किल्ली खिशात घातली.