बाई मुद्दाम हात लावायच्या

“सोड! तो नळ सोड आधी!”

बाई ओरडल्या तशी थिएटरच्या खिडकीवरची कबुतरं उडाली, ती थेट मिरजेच्या स्टेशनावर जाऊन बसली. मी वाढवून सांगते असं माझी मुलं म्हणतात. म्हणोत बापडी, त्यांनी बाईंचा आवाज ऐकलेला नाही. बाई म्हणजे सांगलीतल्या आमच्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. पेशंटला निम्मी भूल त्यांच्या आवाजानंच चढायची; उरलेल्या निम्मीसाठी डॉक्टर औषध वापरत.

त्या दिवशी ओरडा खात होती ती थिएटरात नवीन आलेली पोरगी. माण तालुक्यातली, म्हसवडजवळच्या वाडीची. वडील मेंढरं राखायचे. साताऱ्याला नर्सिंग शिकून आमच्याकडे लागली होती. पहिल्याच दिवशी तिनं ब्रशनं नखं, बोटं, कोपरापर्यंतचे हात असे घासले, की कातडी खाली उतरायची बाकी राहिली. नि एवढं करून धुतलेल्या हातानंच नळ बंद केला.

“नळाला हात लावलास? आता कशाला धुतलेस मग?”

“पाणी वाया चाललंय की, बाई.”

“जाऊ दे. सगळी कृष्णा वाहून गेली तरी तू नळाला हात लावायचा नाही. दुसरं कुणीतरी बंद करील. परत धू.”

तिनं परत धुतले. पण मोरीत जाणाऱ्या पाण्याकडे ती अशी बघत होती, की कुणी तिच्या देखत घरातली कणगी उकिरड्यावर ओततंय. कांदाभाकरी सोडून देईल, पण तांब्याभर पाणी सांडू देणार नाही, अशा मुलखातली ती. आमच्या नदीकाठच्या पोरी हात धुताना गप्पा मारायच्या. ही पाण्याची माफी मागितल्यासारखी गप्प उभी असायची.

बाईंचं शिकवणं असं, की थिएटरच्या भिंतींनाही पाठ झालं होतं. सकाळी भाकरी खाऊन यायचं, रिकाम्या पोटी चक्कर येऊन पडलीस तर पेशंट टेबलावर आणि तू खाली, कुणाला आधी बघायचं आम्ही? धुतलेले हात छातीपुढं धरायचे, देवापुढं उभी आहेस असं समज. नाकाला खाज आली तर सोसायची. आठ दिवसांनी टाके कोरडे निघाले, तर हात स्वच्छ होते; पू धरला, तर पाप आपलं. टेबलाकडे पाठ करायची नाही. डॉक्टरांच्या तळव्यावर चिमटा असा ठेवायचा, की न बघता त्यांना कळला पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम: कुणाचा हात नको तिथं लागलेला दिसला, तर ज्यानं बघितलं त्यानं मोठ्यानं सांगायचं. मग तो डॉक्टरांचा असो, नाहीतर खुद्द माझा.

हा नियम नव्या पोरींच्या घशात अडकायचा. मोठ्या माणसाला चारचौघांत तुमचं चुकलं म्हणायचं, हे कुणाच्या घरात शिकवलंय? म्हणून बाईंनी एक परीक्षा काढली होती. टेबल मांडत असताना, पेशंटला चीर देण्याच्या आधी, त्या सहज केल्यासारखं कोपर भिंतीला लावायच्या. पोरगी बोलली तर “शाबास” म्हणून गाऊन-हातमोजे बदलायच्या. गप्प राहिली तर तिची खैर नसे. मी माझ्या वेळी गप्प राहिले होते. त्यानंतर आठवडाभर मी रबरी हातमोजे धुऊन, भोकं तपासून, पावडर लावत बसले. इतके, की रात्री स्वप्नात अख्ख्या सांगलीला हातमोजे घातले.

माणची पोरगी पहिल्याच खेपेला बोलली. “बाई, कोपर लागलं.” नळाचं सांगावं तसं, सरळ. बाई इतक्या खूश झाल्या, की हसताना आम्ही त्यांना बघितलं. माझ्या माहितीत तसं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. मग तर त्या तिलाच जवळ उभी करायच्या. शिवायच्या सुईत धागा ओवायचं कामही त्यांनी तिला दिलं. म्हणाल्या, शिकेल. आम्ही बाकीच्या जळून खाक झालो.

मग एका सकाळी हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेशंट साखर कारखान्यावरचा हमाल. चीर देऊन झाली होती, डॉक्टर मान खाली घालून कामात होते. मी ट्रॉलीच्या पलीकडे, तिथून मला बाईंचे हात दिसत नव्हते. पोरीचा आवाज तेवढा ऐकला.

“बाई, दिव्याच्या दांड्याला हात लागला.”

बाईंनी डोळे मोठे केले. “कुठं लागला?”

“लागला. आत्ता.”

डॉक्टर वर न बघताच हसले. “काय सिस्टर, आजही परीक्षा का?”

बाईंनी मान वर करून एकदा दिव्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “हो. पास झाली. शाबास.” आणि बाजूला होऊन त्यांनी हातमोजे बदलले. ऑपरेशन पुढं चाललं. मलाही वाटलं, परीक्षाच.

काम संपल्यावर आम्ही मागच्या खोलीत होतो. मी हातमोजे धूत होते, बाई डोक्याची टोपी काढत होत्या. पोरगी आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाई, आज परीक्षा न्हवती. चिरल्यावर तुमी कवा परीक्षा घेत न्हाई.”

मी मनात म्हटलं, आता या खोलीची कौलं उडून विश्रामबागेत पडणार. काही उडालं नाही. तीन वॉर्डांपलीकडून जो आवाज मला ऐकू यायचा, तो ऐकायला मला हातातलं काम सोडून जवळ जावं लागलं.

“दांडा मला दिसला नाही गं,” बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठं मला सुईचं कोडं उलगडलं.

बाईंचं घर, नवरा, सणवार, सगळं त्या टेबलाशीच होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला आता टेबलाशी उभी करू नका. डॉक्टरांनी चष्मा करून घ्यायला सांगितलं, मिरजेला दाखवून आणलं. चष्म्यानं सुधारण्यातला तो आजार नव्हता. बाई भिंतीपलीकडच्या खोलीत गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत गॉजच्या घड्या घालून डब्यात भरत राहिल्या. घडी घालायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात.

त्यांना हार नाही, निरोप नाही. निरोप कशाचा, एका भिंतीचं तर अंतर. नव्या पोरी येत राहिल्या. आम्ही त्यांना तेच सगळं सांगायचो, पण आमच्यापैकी कुणाला तसं ओरडता आलं नाही. कबुतरं तर खिडकीवर घरटी करून राहिली. मला अजून चुटपुट लागते. दांडा वीतभर वर असता तर? पोरगी त्या वेळी सुईकडे बघत असती तर? बाईंना अजून वर्षभर तरी मिळालं असतं. चूक शोधायला जावं तर कुणाची सापडत नाही, आणि राग काढायला जागा राहत नाही.

पुढं काही वर्षांनी माझी बदली साताऱ्याला झाली, तर तिथल्या थिएटरची सिस्टर ही माणची पोरगीच. डोळ्यांत तीच सरळ नजर. चहा पिताना मी न राहवून विचारलं, “बाईंच्या जिवावरचं होतं ते. तुला एकदाही वाटलं नाही का गं, की त्या दिवशी गप्प बसले असते तर बरं झालं असतं?”

तिनं कप बशीत ठेवला.

“टाके कोरडे निघाले, ताई,” ती म्हणाली. “त्या हमालाचे.”