डॉ. रोसाल्बांचा मंगळवार

डीनकडे कागाळी मी केली होती.

कालपर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

काल डॉ. रोसाल्बा वारल्या. टेक्सासमध्ये, बहिणीच्या घरी. माझ्या मुलीचा, अनघाचा फोन आला तेव्हा कळलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजातल्या एका प्रायव्हेट कॉलेजात मी डिपार्टमेंटची सेक्रेटरी होते. ह्यांची नोकरी दुबईपलीकडे जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये. पहाटे कंपनीची बस, अंधार पडल्यावर घरी.

डॉ. रोसाल्बा मॅथ्स शिकवायला आल्या. पासपोर्ट अमेरिकन, पण आई-वडील मेक्सिकोचे. कांदे काढायला या राज्यातून त्या राज्यात फिरणारे शेतमजूर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "मिसेस सावंत, तुमची मुलगी बारावीनंतर काय करणार?"

हिला माझी मुलगी बारावीत आहे हे कुणी सांगितलं?

तिथून सुरुवात झाली.

सगळी पोस्ट माझ्या टेबलावरून जायची. त्यांना दर महिन्याला अमेरिकेहून एक जाड पाकीट यायचं. वर गोल शिक्का. हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिश बोलणाऱ्या प्राध्यापकांची कसलीशी असोसिएशन.

आणि दर मंगळवारी, लेक्चर्स संपली की त्यांच्या केबिनमध्ये आठ-दहा पोरं जमायची. आपली, सुदानी, पॅलेस्टिनी. दार बंद. आत एक निळं रजिस्टर. त्यात नाव, वडिलांचं काम, मार्क, फोन नंबर.

एकदा मी विचारलंच. "मॅडम, या नावांचं काय करता?"

"पाठवते."

"कुठे?"

"माझ्या लोकांना."

माझे लोक. म्हणजे कोण? धर्मवाले? व्हिसा एजंट? आणखी कोणी?

एका दुपारी त्या माझ्या डब्यातली कैरी तिखट-मीठ लावून खात बसल्या होत्या. त्यांच्याकडेही अशीच खातात म्हणाल्या. तेव्हा स्वतःहून सांगितलं.

शाळेत त्यांना म्हणे सल्ला मिळाला होता, तू टायपिंग शीक, कॉलेज तुझ्यासारख्यांचं काम नाही. मग या असोसिएशनमधल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्यांना किचनमध्ये बसवून त्यांचा अर्ज चार वेळा पुन्हा लिहून घेतला.

"मी त्यांची कुणीच नव्हते. फक्त घरी स्पॅनिश बोलायचो, एवढंच."

"पण आमची पोरं कुठे स्पॅनिश बोलतात?"

"म्हणून तर मला त्यांच्याशी भांडावं लागतं," त्या म्हणाल्या. "की यांचेही अर्ज वाचा."

मी मान हलवली. मनात म्हटलं, परक्यांच्या पोरांसाठी फुकट कोण भांडतं?

मग एक दिवस अनघा घरी येऊन म्हणाली, "आई, मॅम नीड्स माय पासपोर्ट कॉपी."

मंगळवारी मी ऑफिसातून निघाल्यावर तीही तिथे जायला लागली होती. मला न सांगता.

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आमच्या कंपनीच्या लेबर कॅम्पातल्या दोघांनी एजंटला अशीच कॉपी दिली होती. कॅनडाला पाठवतो म्हणाला. खलास. एजंटच गायब."

"बाबा, इट्स फॉर द अ‍ॅप्लिकेशन."

"कुणाला काही द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी डीनच्या केबिनमध्ये गेले.

मी खोटं एक अक्षर बोलले नाही. दार बंद असतं म्हटलं. नावं लिहितात म्हटलं. कागद अमेरिकेला जातात, पासपोर्टच्या कॉपी मागतात, असल्या असोसिएशनला इथली परमिशन बहुतेक नाही.

डीन "थँक यू" म्हणाले.

मंगळवार बंद झाले.

टर्म संपता संपता डीननी मला एक पत्र टाइप करायला दिलं. डॉ. रोसाल्बांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. कारण, अ‍ॅडमिशन कमी. म्हणजे व्हिसा कॅन्सल, आणि बाईंनी देश सोडायचा.

मी टाइप केलं. रेफरन्स नंबर टाकला.

माझ्यामुळेच झालं का, माहीत नाही. त्या वर्षी अ‍ॅडमिशन खरंच कमी होत्या. पण दुसऱ्या कुणाचं असं पत्र मला टाइप करावं लागलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुस्तकं खोक्यांत भरलेली. हिला कळलंय, मी मनाशी म्हटलं.

त्यांनी एक पाकीट दिलं. आत अनघाचा निबंध, तीन प्रती. तिन्हींच्या मार्जिनमध्ये तीन वेगळी हस्ताक्षरं. तीन शहरांतल्या तीन प्राध्यापकांनी ओळ न् ओळ वाचलेली. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी आम्हाला नाही.

एकाने लिहिलं होतं, 'दुसऱ्या परिच्छेदात हिची आई येते आणि लगेच नाहीशी होते. आईबद्दल आणखी लिही.'

"पासपोर्टची कॉपी स्कॉलरशिपच्या फॉर्मला लागते," त्या म्हणाल्या. "तुम्हीच थेट युनिव्हर्सिटीला पाठवा. माझ्याकडे देऊ नका."

मग टेप लावता लावता म्हणाल्या, "डीन म्हणाले, कुणाला तरी काळजी वाटली. कुणाला, ते मी विचारलं नाही."

मी काय म्हणाले असेन?

"मॅडम, टॅक्सी बोलावू का?"

एवढंच.

तरी माझा संशय गेला नाही. कॉलिंग कार्ड घेऊन मी आधी त्या युनिव्हर्सिटीला फोन लावला. युनिव्हर्सिटी होती. स्कॉलरशिपही होती. मगच फॉर्म गेला.

अनघा आज तिथेच स्टॅटिस्टिक्स शिकवते. डॉ. रोसाल्बा दर दिवाळीला मला मेल करायच्या. मी उत्तरात हवापाणी लिहायचे. दर वर्षी वाटायचं, या वेळी सांगू.

काल फोनवर अनघा रडत होती. "आई, शी लव्ह्ड शारजा. तिला जायचं नव्हतं. का काढलं तिला, कधी कळलंच नाही."

मी सांगितलं. सगळं.

ती म्हणाली, "आय हॅव अ क्लास, आई."

अजून तिचा फोन आलेला नाही.

डॉ. रोसाल्बा, तुम्ही होता तोवर माफी मागायला हवी होती. मागितली नाही. आज इथे लिहून, सगळ्यांसमोर मागते, आणि हात जोडते.