ओट्यापुढची फळी

घराचा तयार नकाशा ही तयार कपड्यासारखी वस्तू आहे, असे नकाशेकाका येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत. अंगात शिरतो, पण बाही लांब पडते, खांदा उतरतो. ती बाही आखूड करणे, तो खांदा वर घेणे, एवढाच आपला धर्म. त्यांच्या लहानशा कचेरीत भिंतीला लागून एक उभी मांडणी होती आणि तिच्या कप्प्यांत दूरच्या शहरांतून विकत आणलेले छापील नकाशे गुंडाळून ठेवलेले असत. माणसे बहुधा चित्रावर भाळून नकाशा निवडत. एका गृहस्थाने तर चित्रातल्या फाटकाशेजारच्या डेरेदार झाडावर बोट ठेवून, "हेही घराबरोबरच येतं ना?" असे अगदी गंभीरपणे विचारले होते. काका हसले नाहीत. "येतं, पण जरा उशिरा," एवढेच म्हणाले.

निवड झाली की तो नकाशा काचेच्या टेबलावर पसरला जाई. काचेखाली दिवा, वर पारदर्शक कागद, आणि कागदावर काकांची वाकलेली मान. जागा रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला असेल तर कागद उलटा करून सबंध घर डावीकडून उजवीकडे न्यायचे. म्हातारे आईवडील असतील तर न्हाणीघर त्यांच्या खोलीजवळ ओढायचे. भावाभावांत बोलणे नसेल तर जिना बाहेरून घ्यायचा. जन्मभर त्यांनी स्वतःच्या कल्पनेतले असे एकही घर रेखाटले नाही. एकाने योजलेले दुसऱ्याच्या गरजेत बसवून दिले. या कामात प्रतिभेला फारसे स्थान नाही. अवधान मात्र अखंड लागते, आणि अवधान हीही उपासनेच्याच कुळातली गोष्ट आहे.

त्यांचा एक नेम होता. घरात रोजचे रांधणाऱ्या माणसाला पाहिल्यावाचून ते स्वयंपाकाच्या ओट्याची रेघ ओढत नसत. बहुधा ती घरची बाई असे. तिला ते कचेरीच्या दाराच्या चौकटीशी पाठ टेकून उभी करीत, हात कोपरात दुमडायला सांगत, आणि कोपराच्या उंचीवर लाकडावर पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढीत. ओटा त्या रेघेच्या वीतभर खाली. "छापणाऱ्यानं तुम्हाला पाहिलंय का कधी?" असे ते विचारीत आणि बाया लाजत हसत. त्यांच्याबरोबर जन्मभर काम केलेला गवंडी त्यांची थट्टा करी. म्हणे, काका, आता एकदा यांच्या चपलांचंही माप घ्या, म्हणजे उंबराही बेतून देतो. थट्टा होई, पण माप कधी चुकले नाही. वर्षांमागून वर्षे गेली आणि ती चौकट रेघांनी भरून गेली. गावातल्या किती स्वयंपाकघरांची उंची त्या एका लाकडावर नोंदली गेली होती, कोण जाणे.

त्यांच्या स्वतःच्या पत्नीची रेघ तेवढी तिथे नव्हती.

ही गोष्ट घडली ती अशी. काकांचे लग्न नुकतेच झाले होते आणि दोघे भाड्याच्या खोलीत राहत होती. त्याच सुमारास एका बँकेतल्या कारकुनाने त्यांच्याकडून नकाशा घेतला. कारकुनाची बायको चांगली उंच. तिचे माप घेऊन ओटा, फडताळे, खिडकीची कडी, सारे तिच्या हाताला बेतून झाले, नगरपालिकेची मंजुरीही आली, आणि ऐन वेळी त्या गृहस्थाची बदली झाली. त्याने जागा विकायला काढली. काकांनी ती घेतली आणि तिच्याबरोबर तो मंजूर नकाशाही घेतला. नकाशा हाताशी होता, गवंडी मोकळा होता, आणि खोलीच्या मालकाचा तगादा डोक्यावर होता. पाया खणायला घेतला तेव्हा काकूंनी हसत हसतच विचारले होते, "अहो, साऱ्या गावाच्या बायकांचं माप घेता. माझं नाही घेतलंत?"

"तू काय, घरचीच आहेस," काका म्हणाले होते. "तुझं केव्हाही घेता येईल."

काकू ठेंगण्या होत्या. ओटा त्यांच्या जवळजवळ छातीशी येई. पहिल्याच आठवड्यात गवंड्याने उरलेल्या लाकडांतली एक जाड फळी ठोकठाक करून त्यांच्या पायाखाली दिली, तात्पुरती म्हणून. त्या फळीवर उभे राहून त्यांनी संसार केला. चुलीपाशी असताना फळी चुलीपाशी, भांडी घासताना मोरीपाशी. पायानेच ती सरकवीत. तिचा तो खरखर आवाज ऐकत काका रोज सकाळी चहा पीत असत. पाहुण्यांपुढे काकू म्हणत, "लग्नानंतर माझी उंची वाढली बरं का. ह्यांची कृपा." पाहुणे हसत, काकाही हसत, आणि दर वेळी मनाशी ठरवीत की यंदा ओटा खाली घ्यायचाच. पण ओट्याचा दगड भिंतीत शिरला होता, भिंतीतून नळ गेला होता, आणि गवंडी मोकळा झाला की दारात दुसऱ्याच कुणाचे तरी घर उभे असे. परक्याच्या कामाला तारीख असते. घरच्या माणसाच्या कामाला ती नसते, आणि ज्याला तारीख नसते ते राहूनच जाते.

मग काकूंचा उजवा खांदा धरला. वर्षानुवर्षे हात उंच धरून काम केल्याने सांधा झिजला आहे, यापुढे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. डॉक्टर सांगत होते काकूंना. काका जमिनीकडे पाहत होते.

तोवर मुलाचे लग्न होऊन घरात सून आली होती, आणि काकांकडे येणारी गिऱ्हाइके आटली होती. घरी परतल्यावर त्यांनी आयुष्यात प्रथमच टेबलावर कोरा कागद पसरला. खाली कुणाचा छापील नकाशा नव्हता. ठेंगण्या बाईचे एक स्वयंपाकघर त्यांना काढायचे होते: बुटका ओटा, हाताशी येणारी फडताळे, बसल्या जागेवरून उघडेल अशी खिडकी. थकलेल्या गवंड्याला निरोप गेला. आणि एका दुपारी ते काकूंना म्हणाले, जरा कचेरीत चल.

काकू आल्या. चौकटीवरच्या रेघांकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"मी जिच्या घरात राहिले, तिची रेघ कोणती?"

काकांनी दाखवली. पुसट झाली होती, पण होती. काकूंनी डावा हात वर नेऊन त्या रेघेवर बोट ठेवले.

"बरीच उंच होती बाई," त्या म्हणाल्या. त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर काकांना सोपे गेले असते.

त्यांनी पाठ टेकली. काकांनी पेन्सिल धरली. पण पाठीला आता बाक आला होता, खांदा एका बाजूला उतरला होता. रेघ पडली ती सगळ्या रेघांच्या खाली, एकटी. ते काही काकूंचे खरे माप नव्हते. ते माप ज्या काळी होते, त्या काळीही पेन्सिल याच हातात होती.

"आता ओटा फोडतो," काका म्हणाले. "गवंडी सोमवारी येतोय."

"फोडू नका."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सूनबाईला ओट्यापाशी पाहिलंत कधी?" काकू म्हणाल्या. "उंच आहे ती. तिला फळी लागत नाही. आल्या दिवशीच बाजूला काढून ठेवली, पायात येते म्हणून. अगदी तिच्यासाठीच बांधल्यासारखा आहे ओटा. त्या घराला त्याचं माणूस मिळालं हो शेवटी."

"आणि तुझं?"

"माझं काय आता. मी बसून भाजी निवडते." मग त्या म्हणाल्या, "खुर्ची तेवढी बेताची आणा. माझे पाय टेकत नाहीत."

काकांनी त्या संध्याकाळी खुर्चीचे पाय स्वतः कापले. काकू बसल्या, पाय जमिनीला टेकले. सून ओट्यापाशी उभी होती आणि तिचे कोपर दगडाच्या बरोबर वीतभर वर होते. इतकी वर्षे माप घेणाऱ्या डोळ्यांनी ते क्षणात पाहिले, आणि पाहिल्यावर मान फिरवली.

फळी मागच्या दाराशी पडली होती. मुलगा म्हणाला, बाबा, ही जळणात टाकू का? काकांनी ती उचलली. तिच्या मधोमध दोन लहान पावलांएवढे खळगे पडले होते, पाण्याने नि घर्षणाने गुळगुळीत झालेले. ती त्यांनी कचेरीत नेऊन काचेच्या टेबलाखाली ठेवली. आजही ते टेबलाशी बसतात तेव्हा पाय मागे घेऊन बसतात. फळीवर ते पाय ठेवत नाहीत.