घोणस म्हणा, घोणस!

सापाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखल्याशिवाय माणूस सुधारणार नाही, असं मानणारा अख्ख्या मुलुंडात एकच गृहस्थ होता आणि दुर्दैवाने तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. नोकरी बँकेत, बिऱ्हाड डोंगराखालच्या सोसायटीत आणि जीव सगळा घोणशीत. माझ्या लग्नात, ऐन श्रीखंडाच्या वेळी, घोणस चावल्यावर रक्त कसं गोठेनासं होतं ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की शेजारचे दोन पाहुणे मठ्ठा न पिताच उठले. "घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, वीस-वीस, तीस-तीस!" हे तर ते डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनासुद्धा सांगत.

त्यांचं हाडवैर तळमजल्यावरच्या सावंतकाकूंशी. काकू कोकणातल्या. दिवेलागणीला सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं, हा त्यांचा नेम. "अहो, टाकीमागे जनावर इला हा," म्हणत त्या हात जोडायच्या, चार माणसं लांब उभी राहायची आणि ते जनावर आपल्या वाटेने डोंगराकडे निघून जायचं. मामा भडकायचे. "जनावर म्हणजे काय, काकू? बैल की गाढव? अंगावर साखळी, कुकरसारखा फूत्कार. घोणस म्हणा, घोणस! ओळख झाली की भीती जाते."

शेवटी गणपतीच्या मांडवात त्यांनी फळ्यावर साखळी काढून व्याख्यान दिलं. सोसायटीला ते चक्क पाठ झालं. पुढच्या उन्हाळ्यात टाकीमागे ती निघाली, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात ओळखलं, "घोणस! विषारी! मारा!" मामा बनियनवरच धावले. "अरे, गाभण आहे रे ती! थांबा, मी डोंगरात सोडून येतो!" काठ्या थांबल्या नाहीत. वर चेअरमनने त्यांची पाठ थोपटली, "तुमच्यामुळे कळलं हो मामा. नाहीतर आम्ही जाऊ दिलं असतं."

मामा टाकीपाशी बसूनच राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर मामा पंगतीत मुकाट जेवू लागले. ज्या बडबडीला मी इतकी वर्षं वैतागलो, तिच्यावाचून श्रीखंड बेचव लागायला लागलं. एका संध्याकाळी आम्ही दोघं फाटकातून आत येत होतो. कुंपणाशी सळसळ झाली. साखळी मलासुद्धा स्पष्ट दिसली. वरून कोणीतरी ओरडलं, "मामा, काय आहे ओ?"

मामांनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"काही नाही रे. जनावर आहे. जातंय," ते म्हणाले, आणि सावंतकाकूंसारखे हात जोडून उभे राहिले.