आईच्या सायकलचा सैल हब

मंडळी, आज सकाळी सुभानपुऱ्यातल्या घराच्या ओटल्यावर माझी माउंटन बाइक उलटी करून बसलो होतो. पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधला आसाभोवतीचा भाग, सैल होऊन चाक डगडगत होतं.

बाबा गेल्यापासून गप्प गप्प असलेली आई शेजारी येऊन बसली. "फार आवळू नकोस, चाक जड फिरेल."

"तुला काय माहीत?"

"फतेगंजला कॉलेजात होते, तेव्हा तुझे बाबाच माझी सायकल नीट करून द्यायचे. तरी हब सारखा सैल व्हायचा. लग्नानंतर म्हणाले, मुद्दाम सैल ठेवायचो, तू परत यावीस म्हणून."

आई हसली. बाबांबद्दल आम्ही आज पहिल्यांदाच न रडता बोललो.

तुमच्या आईबाबांचं कसं जमलं, कधी विचारलंय?