पुसून परत आलेली चेनसॉ

हळद शिजवायला सरपण हवं म्हणून मावसभाऊ दिलीपनं माझी चेनसॉ नेली होती. काल पुसून, टाकी फुल करून परत दिली. आज तिची सुरू करायची दोरीच ओढली जाईना; इंजिन जाम.

कुरुंद्याच्या मिस्त्रींना म्हटलं, नवा पिस्टन टाका.

"आधी जुना काहून गेला ते पाहू, भाऊ. न्हाईतर नवाबी जाईल."

त्यांनी सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभे ओरखडे होते. टाकीत नुसतं पेट्रोल होतं. त्यात ऑइल मिसळायचं, नाहीतर पिस्टन घासतो, हे मी दिलीपला दोनदा सांगितलं होतं.

फोन केला. "मशीन बंद पडली होती का रे?"

"न्हाई दादा, मस्त चालली."

मिस्त्री हळूच म्हणाले, "जाम झाल्यावरच पुसली हाय ही. पुसल्यावर चालली असती तर भुसा दिसला असता."

ऑइलची चूक मी विसरेन. पण हा फोन कसा विसरायचा, सांगाल का?