आमेनच्या आत

ऑर्गन वाजवणारीची पाठ लोकांकडे असते, म्हणून माझ्यासमोर एक आरसा टांगलेला आहे. त्यात सव्वीस वर्षांत काय काय दिसलं ते सांगितलं, तर निम्मं गाव मिनेसोटा सोडून पळेल. पण सगळ्यात जास्त वेळा दिसली ती आर्डिस क्वामे. उपासना नवाची. नवाला पाच-सात मिनिटं होऊन गेली आणि पहिलं गीत रंगात आलं की दार धाडकन उघडायचं. पुढे आर्डिस, मागे जुळ्या मुली, मग थोरली ब्रिटा, आणि शेवटी ओल्या केसांचा तिचा नवरा लाईल. चाळीस गाईंचं दूध काढून, अकरा मैल गाडी हाणून आलेली वरात! डावीकडचा चौथा बाक त्यांचा. साबणाच्या वासाखालून गोठ्याचा वास यायचाच, पण कुणाची बोलायची छाती नव्हती.

"गाईंना सुट्टी नसते," आर्डिस म्हणायची, "मग देवाला तरी कशाला द्यायची?"

एकदा हिमवादळात ती सगळ्यांना ट्रॅक्टरवर लादून घेऊन आली. चर्चमध्ये पाळकबाई, मी आणि हे पाच जण. मी दोन कडव्यांत गीत उरकलं तर ही बाकावरून ओरडली, "जून, उरलेली तीन कडवी काय घरी नेणार आहेस?"

अशा बाईच्या पोटी ब्रिटा जन्मली. चौदा वर्षांची, मुलींच्या बर्फावरच्या हॉकी संघाची गोलकीपर, आणि सामने सगळे रविवारी सकाळी. सप्टेंबरात मायलेकींचं असं वाजलं की लाईल गोठ्यातच जेवायला लागला. शेवटी करार झाला. ईस्टरपर्यंत दर रविवारी, शेवटच्या आमेनच्या आत, अख्खं घर बाकावर हवं. एकही रविवार चुकला नाही, तर ब्रिटा हॉकीचं नाव काढणार नाही. एक जरी चुकला, तर पुढच्या वर्षीपासून ब्रिटाचे रविवार ब्रिटाचे. कागद फ्रिजवर लागला, खाली दोघींच्या सह्या.

आर्डिसने तो हिवाळा तलवारीच्या धारेवर काढला. जुळ्यांना कांजिण्या झाल्या तेव्हा पाळकबाईंना विचारून चौघं मागच्या खोलीत बसली आणि ब्रिटाला दार उघडं धरायला लावलं, म्हणजे हजेरी लागली. एकही रविवार चुकला नाही. उरला फक्त ईस्टर.

आमच्याकडे अमेरिकेत उन्हाळ्याआधी एका रविवारी सगळी घड्याळं तासभर पुढे करतात, आणि त्या वर्षी तो रविवार नेमका ईस्टरलाच आला. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण क्वाम्यांच्या गोठ्यातलं घड्याळ कुणी हलवायचं नाही, कारण गाईंना नवी वेळ पटत नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे करायचं काम ब्रिटाचं. आणि ब्रिटा शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला होती, चर्चमधल्या ईस्टरच्या न्याहारीची अंडी फोडायला!

नऊ वाजले. चर्च फुलांनी आणि टोप्यांनी गच्च भरलेलं. पहिलं गीत संपलं, दार उघडलं नाही. उपदेश सुरू झाला, तरी नाही. आरशात मला चौथ्या बाकावर एकटी ब्रिटा दिसत होती. ती एकदम ताठ झाली आणि बाहेर पळाली. परत आली ती थेट माझ्या बाकड्याशी.

"जून मावशी, घड्याळ! मी केलंच नाही! फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. त्यांच्या हिशोबानं आत्ता कुठे साडेआठ झालेत!"

"मग तुझी चांदीच की गं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"दहा वाजून सात मिनिटांनी येतील. ताण ना थोडं!"

आता ईस्टरला आमच्याकडे उपासना दहाच्या पुढे नेणं म्हणजे बंडच. घरोघरी ओव्हनमध्ये जेवणासाठी डुकराचं हॅम भाजत असतं. पण ब्रिटा बाकाबाकांमधून वाकून कुजबुजत गेली, आणि जी माणसं स्वतःच्या लग्नातसुद्धा दोन शब्द बोलली नव्हती, ती उठून बोलायला लागली! म्हाताऱ्या ऑरिनने हरवलेल्या हातमोज्याचं वर्णन केलं, अंगठ्यासकट. एकीने तळघरात राहिलेली बेवारस केकची भांडी मोजून दाखवली. पाळकबाईंनी एप्रिलात वाढदिवस असणाऱ्यांना उभं केलं, मग मे महिन्यातल्यांना. शेवटच्या गीताची पाचही कडवी मी वाजवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाळकबाईंनी आशीर्वादासाठी हात वर केला होता, तो अवघडला तसा त्यांनी दुसऱ्या हाताने त्याला टेकू दिला. हसू दाबून दाबून माझे पाय ऑर्गनच्या भलत्याच पायपट्ट्यांवर पडत होते.

दार धाडकन उघडलं.

आर्डिस आत आली, ईस्टरची पिवळी टोपी घालून, दिमाखात. सगळे उभे, गीत चालू, म्हणजे नेहमीचंच! तिने गीतपुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात एक ओळ म्हटली. तेवढ्यात पाळकबाईंचा हात खाली आला. आशीर्वाद. आमेन. आणि लोक कोट घालायला लागले.

आर्डिसचं तोंड उघडं ते उघडंच. "एवढी छोटी उपासना?" ती म्हणाली. अख्खं चर्च हसून हसून बाकांवर कोसळलं. लाईलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग माझ्या आरशाखालचं पाहिलं, आणि डोळे पुसत खाली बसला.

तळघरात कॉफी पिताना मी तिला सगळं सांगितलं. कप तसाच हातात धरून ती ब्रिटासमोर जाऊन उभी राहिली.

"गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस की गं."

"आई, समोर गोलकीपरच नाही आणि मी गोल मारायचा? त्याला काय जिंकणं म्हणतात?" ब्रिटाने खांदे उडवले. "आणि एकटीला त्या बाकावर बरं नाही वाटत. केवढा मोठा आहे तो."

आर्डिसला रडू आलं. ते लपवायला तिने लाईललाच झापलं, की तुझ्या गाईंनी माझा ईस्टर खाल्ला. करारात ती जिंकली होती, कागद तिच्या बाजूने होता. घरी जाऊन तिने तो चुलीत घातला.

पुढच्या हिवाळ्यात हॉकीच्या प्रशिक्षकाच्या दारात ती बारा वेळा गेली असेल. शेवटी त्याने हात जोडले आणि आमच्या मुलींचे सामने अकराच्या पुढे ढकलले. तेव्हापासून नवाला पाच-सात मिनिटं होऊन गेली की माझ्या आरशात पाच जण दिसतात. ब्रिटा गोलकीपरच्या अवजड पॅडांसकट चौथ्या बाकावर दोघींची जागा अडवून बसते, आणि आर्डिस तिच्यासाठी सरकून घेते.